मंगलचा बोलता ग्रुप

आटपाडीच्या माळावर मंगलचं घर. नवरा बाळासो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाटणच्या अंगाला जातो, तो उन्हाळा सरता सरता परततो. मंगलही पूर्वी त्याच्याबरोबर बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागं चालायची. सासूला दिसेनासं झालं तेव्हापासून ती घरी राहिली. वाटेवरच्या माणसांची खबर कळावी म्हणून तिनं फोनवर ग्रुप काढला. कुणाचा तळ कुठं पडलाय, कुठल्या शिवारात चारा शिल्लक आहे, जनावरांचा डॉक्टर कुठं भेटतो, असलं बोलणं तिथं चालायचं. हळूहळू खानापूर, जत, माण अशा बाजूंची माणसंही आत आली. त्यातल्या निम्म्यांना मंगलनं पाहिलंही नव्हतं.

मग कुणीतरी ग्रुपची लिंक कुठंतरी चिकटवली आणि भलतेच नंबर आत शिरले. पत्त्यांचा डाव, बिनकागदाचं कर्ज, केस उगवायचं तेल, घरबसल्या नोकरी. मंगल चुलीपुढं बसल्या बसल्या एकेकाला बाहेर काढायची. भाकरी उलथेपर्यंत दुसरा हजर. तिनं जुनी लिंक बंद केली, पण आत बसलेले होतेच.

अशातच हरणाबाईचा मेसेज आला. हरणाबाई म्हणजे बाळासोची थोरली बहीण, तीही वाटेवर. कापणी झालेल्या ज्वारीचे कोवळे, विषारी फुटवे तिच्या कळपानं खाल्ले होते आणि मेंढरं थरथरत खाली बसत होती. काय करू, असं तिनं विचारलं होतं. उतारा माहीत असणारी चार माणसं ग्रुपात होती. पण त्या मेसेजवर जाहिरातींचा इतका ढीग पडला, की तो कुणालाच दिसला नाही. दिवस कलताना मंगलनं वर सरकवत नेलं, तेव्हा सापडला. तोवर दोन मेंढ्या गेल्या होत्या.

हरणाबाई रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मला वाटलं, समदी कामात हायत. कोण बोलंना म्हणून गप बसले."

ते ऐकून मंगलनं ग्रुपला कुलूप घातलं. तिनं आपल्याशिवाय कुणाला लिहिताच येणार नाही असं करून टाकलं. कचरा थांबला, पण माणसंही मुकी झाली. जो तो तिलाच फोन करू लागला. "ह्यापरीस ग्रुप मोडून टाक की," बाळासो पाटणहून म्हणाला.

मोडायचं तिच्या जिवावर आलं. विचार करताना तिच्या ध्यानात आलं, की जाहिरातवाले चित्रं टाकतात, लिंका टाकतात, पण बोलत कुणी नाही. तिनं कुलूप काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हितनं फुडं फकस्त व्हाइस टाकायचा. आपलं नाव, गाव सांगून बोला. जो बोलणार न्हाई त्याला काढणार."

ग्रुप पुन्हा भरून आला. मागं वारा, कुत्र्यांचं भुंकणं, मध्येच कुणाचं तरी पोर रडतंय, आणि त्यात माणसं बोलतायत. एकदा एक बाई गोड आवाजात विम्याची माहिती सांगायला लागली. तिला मंगलनं व्हाइस पुरा ऐकायच्या आत काढलं. न बोलणारेही काढले. त्यात एक नंबर रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुप्रभात टाकायचा, बाकी काही नाही. तोही गेला.

आठवड्याच्या बाजारात एक बाई मंगलला शोधत आली. तिचं नाव विजयमाला, माणच्या बाजूची. "फुलं टाकणारं ते माझं मामंजी, नाथाजी," ती म्हणाली. "लकवा मारला तवापासनं वाचा गेलीया. पोरं मेंढरं घिऊन वाटंला, ह्यांच्याजवळ घरची चार मेंढरं. दिसभर तुमचा ग्रुप कानाला लावून बसायचं. कुणाचा तळ कुठं हाय ते समदं त्यास्नी ठावं. आता फोनला हात लावत न्हाईत."

"मला कसं कळावं, ताई?" मंगलच्या तोंडून निघालं, पण कळायला एक फोन पुरला असता, हे तिचं तिलाच समजलं. तिथंच उभ्या उभ्या तिनं नाथाजीला परत आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं आली नाहीत. व्हाइस आला. त्यात शब्द नव्हता. घंटेची किणकिण, मेंढरांचं ब्यां ब्यां, काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज. नियम पाळायचा म्हणून म्हाताऱ्यानं आपल्या मेंढरांत फोन धरला होता. मंगलनं तो दोनदा ऐकला. हे नाथाजी, असं ती ग्रुपवर सांगायला गेली, तोवर बाळासोचा व्हाइस येऊन पडला होता; त्याला तिनं रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं. "नाथाजीमामा, राम राम. तुमच्या मागल्या अंगाला एक मेंढी खोकतीया. नाक वाहतंय का बघा, अन् तिला येगळी बांधा."

मंगलनं परत ऐकलं. खरंच, घंटेच्या आड बारीक खोकला होता.

दुपारी नाथाजीच्या फोनवरून विजयमाला ग्रुपवर बोलली. तांबडी मेंढी खोकत होती; मामंजींनी वेगळी बांधलीय, डॉक्टरला बोलावलंय. "बाळासोभाऊंचा आवाज त्यांनी मला पाच येळा ऐकवला," ती म्हणाली.

मंगल अजूनही नंबर काढते. रोज एखादा तरी निघतोच. पण काढायच्या आधी त्यावर फोन लावते, आणि पलीकडून कुणी बोललं नाही तरी थोडा वेळ कानाला धरून ठेवते.