शनिवारपुरता मासा

पाण्यात उतरण्याआधी ते शिटी वाजवून बघायचे. लाइफ जॅकेटला अडकवलेली नारिंगी शिटी, दोनदा, गाल फुगवून. मग डोक्यावरच्या कंपनीच्या पांढऱ्या हेल्मेटचा पट्टा ओढायचे, जॅकेटच्या क्लिपा एकेक करून चाचपायचे आणि काठावर चटई टाकून बसलेल्या आम्हा सगळ्यांना सांगायचे, "प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते." ही सगळी तयारी ज्या पाण्यासाठी चालायची, ते कमरेएवढं होतं. तेही मध्यभागी.

मी वसईची. माझे वडील आयुष्यभर होडी घेऊन समुद्रात गेले, अंगात बनियन आणि डोक्याला रुमाल एवढ्यावर. त्यामुळे हे दृश्य बघून बाकीच्यांना हसू यायचं तसं मला यायचं नाही, मला राग यायचा. माझ्या वडिलांच्या धंद्याची कुणीतरी नक्कल करतंय, आणि तीसुद्धा धड नाही, असं वाटायचं.

हे शिटीवाले गृहस्थ मस्कतमध्ये, आमच्या अल् खुवैरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सोलापूरचे, शुद्ध शाकाहारी आणि एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधतो. आमच्याकडे ख्रिसमसच्या जेवणाला आले तेव्हा त्यांनी केकवरच्या मेणबत्त्यांपासून पडदा किती लांब आहे ते बघून घेतलं होतं. आमच्या घरात मासे तळायला घेतले की वर त्यांच्या खिडक्या बंद झाल्याचा आवाज यायचा. मी मुद्दाम दार उघडं ठेवून तळायचे.

तर अशा माणसाने एक दिवस कायाक घेतली. कायाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. ही पिवळ्या प्लास्टिकची होती आणि त्यांच्या गाडीपेक्षा थोडीच आखूड. माझा नवरा मस्कतच्याच गाला भागात एका गॅरेजमध्ये फोरमन आहे. गाडीच्या टपावर ती बसवायची चौकट त्यानेच करून दिली, आणि घरी येऊन मला सांगताना त्याला बोलवेना इतका तो हसत होता. होडी लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्यावरून नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली, आणि वॉचमनसकट सगळ्यांनी ती उलटी उतरवली. शेवटी पार्किंगमधल्या खांबाला साखळीने बांधून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात मांजरं झोपायला लागली.

त्यांना पकडायचा होता बास नावाचा मासा. हा मासा अमेरिकेतल्या छोट्या तळ्यांत असतो, ओमानात नसतो, ही माहिती त्यांनीच मला दिली. मग इथे काय पकडणार, असं विचारलं तर म्हणाले, "पद्धत तीच ठेवायची. मासा मिळेल तो."

मासा मिळाला टिलापिया. मस्कतबाहेर बर्का गावाच्या बाजूला एका म्हाताऱ्या ओमानी माणसाची खजुराची बाग होती. बागेच्या पाण्यासाठी त्याने शेततळं केलं होतं आणि त्यात मासे सोडले होते. दर शुक्रवारी तिथे जायची परवानगी या सेफ्टी ऑफिसरांनी मिळवली. थंडीच्या दिवसांत आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबंही डबे घेऊन सोबत जायचो. बागेत सावली होती, पोरांना हुंदडायला जागा होती आणि करमणुकीला हे होते.

अहो, करमणूक तरी किती. काठावरून कायाकमध्ये बसतानाच त्यांना एक युग लागायचं. मग वल्ह्याचे दोन फटके डावीकडे, दोन उजवीकडे, आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. मध्यावर पोचले की गळाची काठी काढायची. गळाला रबराचा जांभळा किडा. हे किडे त्यांच्याकडे डबाभर होते, रंगवार लावलेले. बऱ्याच वेळाने एखादा तळहाताएवढा मासा लागायचा. मग तो वर धरून फोटो, आणि फोटो झाला की मासा परत पाण्यात.

हे परत सोडणं मला बघवायचं नाही. आम्ही मासे खाणारी माणसं. मासा पकडून सोडून देणं म्हणजे पाहुण्याला ताट वाढून समोरून उचलून नेणं. मी एकदा सरळ मागितला. म्हटलं, तुम्ही नाही खात तर आम्हाला द्या, निखारे तयार आहेत. त्यांनी मान हलवली. तिकडे सोडूनच देतात म्हणे. बागेचा मालकही हा प्रकार बघून चक्रावला होता. त्याला आपल्या लोकांची हिंदी चांगली यायची. एकदा कॉफीचा छोटा पेला माझ्या नवऱ्याच्या हातात देत तो त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मछली को क्यों तकलीफ देता है? खाना है तो खाओ, नहीं तो खलास." इतकं शहाणं बोलणं मी त्या तळ्यावर दुसरं ऐकलं नाही.

या सगळ्याचं कारण मला त्यांच्या बायकोकडून कळलं. वहिनी जिन्यात भेटल्या, हातात भाजीची पिशवी होती, आणि बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं. त्यांचा मुलगा ओंकार अमेरिकेत होता. ओंकार लहान असताना हे दूर दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर होते. महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचे, तोवर मुलगा थोडा उंच झालेला असायचा. इंडियन स्कूलमध्ये शिकलेला मुलगा, घरातही इंग्रजीच बोलायचा. पुढे तो शिकायला गेला, तिकडेच नोकरीला लागला. दर शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. वहिनींशी बोलायचा. मग फोन यांच्या हातात आला की जेवलास का, हो, थंडी आहे का, आहे, बरं, ठेवतो. एवढंच. मग एका शनिवारी ओंकारने एक फोटो पाठवला. तळ्यात कायाकमध्ये बसलाय आणि हातात मोठा बास आहे. यांनी सहज विचारलं, कुठे पकडलास रे? आणि मुलगा बोलायला लागला. कितीतरी वेळ बोलला. यांनी फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता आणि यांच्या लक्षातही आलं नव्हतं, असं वहिनी म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात होडी आली.

आता एवढं कळल्यावर माणसाने विरघळावं. मी नाही विरघळले. मुलाशी बोलायला होडी कशाला लागते? तोंड लागतं. आमच्याकडे बाप-लेक भांडतात, दार आपटतात आणि जेवायला पुन्हा एकत्र बसतात. हे सोलापूरहून इथवर आले आणि स्वतःच्या मुलाशी बोलायचं तर त्यांना अमेरिकेतल्या माशाची ओळख काढावी लागली.

एका गुरुवारी ते आमच्या दारात उभे राहिले. बास माशाला खालच्या जबड्यात अंगठा घालून धरतात, आणि आपल्याला ते जमत नाही म्हणून सराव करायचा होता. मी फ्रिजमधला बांगडा काढून त्यांच्या हातात दिला. माझ्या ओट्याशी उभे राहून, मान दुसरीकडे वळवून, नाक आक्रसून ते त्या बांगड्याच्या तोंडात अंगठा घालायला लागले.

"असाच धरायचा ना, ताई?"

"मेलाय तो. कसाही धरा."

त्यांनी बांगडा खाली ठेवला आणि साबणाने हात धुतले. एकदा, मग पुन्हा. रुमालाने एकेक बोट पुसत ते सिंककडे बघतच बोलले.

"मला पाण्याची भीती वाटते, ताई. पोहता येत नाही. आणि माशाला हात लावला ना, की दिवसभर अन्न जात नाही."

"मग कशाला करता हे?"

"शनिवारी त्याला सांगायला काहीतरी लागतं ना. त्याला हे आवडतं. दुसरं त्याचं काय आवडतं, मला माहीत नाही."

मी बांगडा परत फ्रिजमध्ये ठेवला. 

त्याच वर्षी डिसेंबरात ओंकार सुट्टीला यायचा होता. महिनाभर आधीपासून इमारतीत दुसरा विषय नव्हता. यांनी कुणाकडून तरी दुसरी कायाक मिळवली, निळी. मुलासाठी नवी काठी आणली, नवं जॅकेट आणलं. शिटीसुद्धा आणली. मुलगा आता बापाचं बघेल, बाप मुलाचं बघेल, आणि हसं होता कामा नये, म्हणून रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये उभे राहून गळ फेकायचा सराव. गळ एकदा वॉचमनच्या वाळत घातलेल्या शर्टात अडकला.

ओंकार आला. उंच, नम्र, थोडा वाकून चालणारा मुलगा. शुक्रवारी आम्ही सगळे बागेवर गेलो. हे होड्या उतरवायला पुढे गेले आणि ओंकार माझ्या शेजारी चटईवर बसून राहिला. त्याचा गुडघा सारखा हलत होता. मी म्हटलं, जा की, बाबा वाट बघतायत. तो हळूच म्हणाला, "आंटी, अ‍ॅक्च्युअली मला फिशिंग येत नाही."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. फोटोतली कायाक रूममेटची होती, मासाही रूममेटनेच पकडलेला. हा दोनदा गेला होता आणि दुसऱ्यांदा पाण्यात पडला होता. त्यानंतर त्याने तळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मग दर शनिवारी एवढं काय सांगतोस त्यांना?"

"व्हिडिओ बघतो आधी. वाचतो पण. बाबांना केवढं आवडतं ना ते. म्हणजे, बाबा माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. प्लीज, त्यांना नका सांगू."

मी कपाळावर हात मारून घेतला. एकाने मस्कतमध्ये होडी घेतली, दुसरा अमेरिकेत रात्र जागून मासे वाचतोय, आणि दोघांपैकी एकाच्याही जिभेला मासा कधी लागलेला नाही. इतकी शिकलेली दोन माणसं, पण अक्कल दोघांची मिळून एकाला पुरली नसती. त्याच क्षणी उठावं, दोघांना समोरासमोर उभं करावं आणि सगळं बोलून टाकावं असं माझ्या मनात आलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तळ्यावरून त्यांनी ओंकारला हाक मारली, आणि त्या हाकेत इतका आनंद होता की मी तोंड मिटलं.

दोघं पाण्यात गेले. पिवळी होडी पुढे, निळी मागे. मध्यावर जाऊन थांबले. ओंकारने काठी हातात घेतली आणि ती उलटी धरली. त्या काठीचं दोरा गुंडाळायचं रीळ खाली लोंबलं पाहिजे, एवढं तर आता मलाही ठाऊक झालं होतं. इतके शुक्रवार मी तेच बघत आले होते. ओंकारचं रीळ वर होतं, आणि तो तसाच गंभीर चेहरा करून पाण्याकडे बघत होता. ज्याने एकदा जरी नीट मासा पकडला असेल तो असं धरणार नाही.

त्यांनी ते पाहिलं. मी काठावरून स्पष्ट बघितलं, त्यांची मान वळली आणि मुलाच्या हातावर थांबली. हा माणूस, ज्याच्या नजरेतून चुकीचा बांधलेला बुटाचा बंदसुद्धा कधी सुटला नव्हता, आता टोकणार, पद्धत सांगणार, असं मला वाटलं.   त्यांनी मात्र मांडीवरची आपली काठी उचलली, सावकाश फिरवली, आणि रीळ वर करून मुलासारखीच धरली.

त्या दिवशी एकही मासा लागला नाही. दोघं दुपारभर तळ्यात बसून होते आणि बोलत होते. काय बोलत होते ते काठापर्यंत ऐकू येत नव्हतं. मी सगळ्यांच्या देखत रडले आणि धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं. कुणालाही पटलं नाही, कारण निखारे अजून पेटवलेच नव्हते.

पुढच्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं. सोलापूरला कायमचं जायचं ठरलं. सामान बांधत असताना मी वर गेले आणि राहवलं नाही म्हणून बोलले. म्हटलं, आता होडी इथेच राहणार, आता तरी एकमेकांना खरं सांगून मोकळे व्हा. ते खोक्याला चिकटपट्टी लावत होते. तिची टोकं कात्रीने सरळ कापत म्हणाले, "त्याला मासे आवडत नाहीत ते मला कळलं, ताई. मला आवडत नाहीत हे त्याला कळलं, तर शनिवारी आम्ही काय बोलायचं?"

सोलापुरात त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. वहिनी सांगतात, नळाला पाणी येतं तेव्हा ते बादल्या भरतात, तेवढाच त्यांचा पाण्याशी संबंध. तळं नाही, होडी नाही, जांभळे किडे तर आमच्याच घरी पडून आहेत. पण शनिवारचा फोन चुकत नाही. तिकडून ओंकार आपला मासा सांगतो, इकडून हे आपला सांगतात. दोघंही पक्के खोटारडे.

आणि दर शुक्रवारी दुपारी, मी जेवून जरा आडवी होते तेव्हा, माझा फोन वाजतो.

"ताई, उद्यासाठी एखादा मासा सांगा ना. मागच्या वेळी मरळ सांगितला, आता वेगळा हवा."

मी चिडते. मी समुद्रकाठची, तळ्यातल्या माशांचं मला काय कळतंय, असं दरवेळी त्यांना सुनावते. मग चष्मा लावून शोधायला बसते.