माळगल्लीचा दिवा

जवाहर मगदूम सरळ चालत कुठे गेल्याचं निंबळगीत कुणी पाहिलेलं नाही. तो जायचा तो अर्धा पळतच. खांद्यावर वायरचं भेंडोळं, कानावर टेस्टर, आणि तोंडाचा पट्टा चालू. धंदा लायटिंगचा. गणपती असो, उरूस असो, लग्न असो की जैन बस्तीतली पूजा असो, चार माणसं जमली की तिथे जवाहरचे बल्ब पळायला लागायचे. त्याचा मोर पिसारा फुलवायचा, त्याचा हत्ती सोंड हलवायचा, आणि एकदा तर वायर उलटी जोडल्यामुळे मोरानंच सोंड हलवली होती. लोकांनी त्यालाच जास्त टाळ्या दिल्या. ऐन तरुणपणी साताऱ्याच्या एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढून, खंडाळ्यापासून लोणंदपर्यंतच्या जत्रा उजळून हा पठ्ठ्या गावी परतला होता. येताना लोणंदच्या भंगारवाल्याकडून टेलिफोनची जुनी तार आणली ती इतकी, की घराचा माळा भरून गेला.

"आवं, ह्या तारंवर पापड वाळत घालू का आता?" त्याची बायको चंदनबाला विचारायची.

"घाल की! पापडातनं करंट जाईल, तळायला नकोत!"

असं चालायचं. पण गावभर उजेड पाडणाऱ्या ह्या माणसाला घरातली एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती. बायकोला दिवस मावळायच्या आत जेवू घालणं.

मगदूम मंडळी जैन. जवाहर जत्रेत काय खायचा, कधी खायचा, ते त्याला नि त्याच्या बल्बांना ठाऊक. चंदनबालेचा नेम मात्र पक्का होता. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरायचं नाही आणि सूर्य बुडाला की तोंडात घास घालायचा नाही. आता घर माळगल्लीत, म्हणजे गावाच्या उंच टोकाला. मिरजेच्या पूर्वेकडचा हा कोरडा मुलूख, गावाला टाकी एकच. दुपारी वीज आली की विहिरीवरची मोटर ती भरायची, आणि दोन वाजता गावचा पाणीवाला बिराप्पा हातभर लांब लोखंडी चावी घेऊन पंचायतीपुढच्या चौकात एकेका गल्लीचा कॉक खोलायचा. क्रम ठरलेला. जत्रेत देवाची पालखी जशी फिरते तसं पाणी फिरायचं. पहिला मान पाटील गल्लीचा आणि सगळ्यात शेवटी माळगल्ली. तिची पाळी यायची सहाच्या सुमाराला. तोवर टाकीचा तळ दिसायला लागलेला असायचा आणि उरलेल्या पाण्यात चढ चढायचा दम नसायचा. सुतासारखी धार यायची, अकरा मिनिटं. मग खडखडाट.

कालची घागर दुपारच्या स्वयंपाकाला नि म्हशीला संपलेली असायची. चंदनबाला ती सुतासारखी धार भरून आणायची, गाळायची, चूल पेटवायची, आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत सूर्य गेलेला असायचा. आठवड्यातले तीन-चार दिवस तरी. "तुमी जेवा. मला भूक न्हाई," ती म्हणायची. जवाहर काहीतरी चावट बोलायचा, ती हसायची, आणि तो अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचा. हसवून पोट भरत नाही, एवढं त्याला कळत होतं.

म्हणून तो पंचायतीत भांडायला गेला. पण पंचायतीत भांडायला रोज सगळंच गाव यायचं. पाटील गल्ली म्हणायची आमालाच पाणी न्हाई, कुंभार गल्ली म्हणायची आमचं पाणी पाटील पितात, आणि सगळे मिळून बिराप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं होतं आणि खुर्चीवर हरणाबाई बसली होती. धनगराची बाई. अक्षरं दोन-चारच येत होती, पण माणूस वाचायची ती आरपार.

"समदीच रडत्यात," ती जवाहरला म्हणाली. "कुणाचं खरं धरू? बोलू नगंस. मला दाव."

मला दाव! जवाहर तिथून जो पळाला तो थेट माळ्यावर. पंधरा दिवस घरात हातोडीचे ठोके, रंगाचा वास आणि जवाहरचं बेसूर गाणं. सोळाव्या दिवशी पंचायतीच्या भिंतीवर दारभर उंचीचा बोर्ड उभा राहिला. त्यावर सगळं गाव रंगवलेलं, नऊ गल्ल्या, प्रत्येक गल्लीवर एक तांबडा बल्ब. प्रत्येक गल्लीच्या नळाशी एक बटण, तिथून खांबाखांबावरून लोणंदची तार बोर्डापर्यंत, आणि खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. नळाला पाणी आलं की पहिल्या बाईनं बटण खाली करायचं, गेलं की वर. दिवा पाव तास जळला की बिराप्पानं त्या गल्लीच्या खिळ्याला सोड्याच्या बाटलीचं एक बूच अडकवायचं. संध्याकाळी कुणीही यावं, शाळा शिकलेल्यानं नाहीतर न शिकलेल्यानं, आणि बुचं मोजावीत.

पहिल्या दिवशी गावात कामधंदा म्हणून झाला नाही. दोन वाजता पाटील गल्लीचा दिवा लागला तेव्हा अशी आरोळी उठली की बिराप्पाची चावी हातातून पडली. मग बायकांना चेव आला. कुंभार गल्ली उगीचच बटण खालीवर करायला लागली, तिला कोष्टी गल्लीनं उत्तर दिलं, आणि अर्धा तास दोन गल्ल्या दिव्यांनी एकमेकींशी भांडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्ल्या शहाण्या झाल्या. नळ धो धो वाहतोय आणि दिवा विझलेला! म्हणजे बोर्डावर आपण गरीब. पण शेजारची गल्ली ती शेजारचीच. पारावरची म्हातारी माणसं काठ्या टेकत तपासायला निघाली. ज्यांना गुडघेदुखीनं देवळात जाववत नव्हतं, ती दोन-दोन गल्ल्या ओलांडून लोकांचे नळ सोडून बघायला लागली. चोरी उघडी पडली की चौकात हुर्यो. आठवड्याभरात खोटं बोलायची सोयच उरली नाही आणि बोर्ड खरा बोलायला लागला.

तो काय बोलत होता ते रोज संध्याकाळी टांगलेलं असायचं. पाटील गल्लीला चार बुचं. कुंभार गल्लीला दोन. माळगल्लीचा खिळा रिकामा. अकरा मिनिटांचा पाव तास होत नाही, त्यामुळे तिच्या खिळ्याला कधी बूच लागलंच नाही.

हरणाबाईनं तो रिकामा खिळा महिनाभर बघितला आणि सांगलीला अर्ज धाडला. माळगल्लीला वेगळी टाकी पाहिजे, पुरावा गावात येऊन बघावा. काय नवल, उत्तर आलं! विश्रामबागेतल्या ऑफिसातले इंजिनिअर साहेब स्वतः येणार होते. जवाहरला त्या रात्री झोप नाही. टाकी झाली की पाणी दुपारी, पाणी दुपारी आलं की भाकरी उन्हात. बोर्ड त्यानं तीनदा पुसला, बल्बांना फुंकर मारली, बॅटरीला नमस्कारसुद्धा केला.

साहेब पाच वाजता आले. त्या वेळेला पाणी असायचं फक्त कुंभार गल्लीत. हरणाबाईनं पदर सावरून बोर्डावरचं कापड बाजूला केलं.

नऊच्या नऊ दिवे ढणढण जळत होते.

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, मग हातातल्या अर्जाकडे. "बाई, इथे तर सगळीकडे पाणी आहे. टाकी कशाला हवी?"

चौकातली सगळी माणसं आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. जवाहरला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सांगलीचा पाहुणा आलाय, आणि त्याच्या पुढ्यात आपल्या गल्लीचा दिवा विझलेला? गावात कुणाला ही गोष्ट सोसली नव्हती. पाटील गल्लीनं लावला म्हणून कोष्टी गल्लीनं लावला, कोष्टी गल्लीनं लावला म्हणून सगळ्यांनी. पण माळगल्लीनं? माळगल्लीनं कशाला लावावा?

तो धावत सुटला. चढावर एक चप्पल तुटली, ती तिथेच राहिली. माळगल्लीच्या कोरड्या नळाशी चंदनबाला उभी होती. नवं लुगडं, कपाळावर घाम, आणि बटणावर अंगठा असा दाबलेला, जणू तो काढला तर गाव बुडेल.

"अगं, पाणी कुठाय?"

"पाणी न्हाई. पन खालच्या समद्या गल्ल्यांचं लागल्यात म्हनं. आपलाच इझलेला दिसला असता," ती म्हणाली. "सायबाला वाटलं असतं, तुमचा बोर्ड बिघाडलाय. तुमी इतकं राबलासा त्येच्यावर."

जवाहरला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच आलं. 

"येडी का खुळी तू! हा दिवा इझलेला दिसावा म्हनून तर बोर्ड केला मी. आठ दिवे उगंच हायेत. तू उपाशी झोपतीस ते गावाला दिसावं, एवढ्यासाठी समदं केलं."

चंदनबालेनं त्याच्याकडे नीट बघितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि असं काही तो कधी बोलला नव्हता. तिनं अंगठ्यानं बटण वर केलं.

खाली चौकात माळगल्लीचा दिवा विझला, आणि हरणाबाई त्याचीच वाट बघत असल्यासारखी गरजली, "बगा सायेब! एक तरी गल्ली खरं बोलली. आनि तुमी बाकीचे! पावन्याफुडं नटायला ह्यो काय लगीनमांडव हाय व्हय? जावा, बटनं वर करा!" माणसं पांगली. मग एकेक दिवा खाली मान घालून विझत गेला. शेवटी कुंभार गल्लीचा तेवढा उरला, कारण तिथे खरोखरच पाणी होतं.

साहेब मोकळं हसले. बुचं त्यांनी बोटानं मोजली, टाकी बघितली, बिराप्पाला क्रम विचारला, माळगल्लीचा चढ स्वतः चढून आले. जवाहर नि चंदनबाला त्यांच्याच मागून चौकात आले.

"टाकीचं मी लिहीन," साहेब म्हणाले, "पण दोन-तीन वर्षं तरी आशा धरू नका." जवाहर मटकन पारावर बसला. "पण मला एक सांगा, सगळ्यात उंच गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी का? टाकी भरलेली असते तेव्हाच पाण्याला जोर असतो. वर आधी सोडा. खालच्यांना शेवटीसुद्धा मिळेल."

टाकीला सरकार लागत होतं, ह्याला मात्र फक्त पाटील गल्लीनं आपला पहिला मान सोडायला लागत होता, आणि त्यापेक्षा सरकार परवडलं अशी गत होती. सगळ्यांच्या माना हंबीररावांकडे वळल्या. हंबीरराव म्हणजे पाटील गल्लीतले थोरले. पंचाहत्तरी उलटलेली, फेटा अजून ताठ, गावात त्यांना सगळे आबा म्हणत.

"पानी पालखीच्या मागनं फिरतं," आबा म्हणाले. "माझ्या बापाच्या आडावर बी ह्योच क्रम हुता. सांगलीवरनं येऊन कुनी मोडायचं काम न्हाई."

तेव्हा जवाहर उठला. अर्धा पळत नाही, सरळ चालत आबांपुढे गेला.

"आबा, आमच्या घरात दीस बुडल्यावर जेवत न्हाईत. पानी येतं सहाला. ही आठवड्यातनं तीन-चार डाव उपाशी झोपती. बास, एवढंच हाय."

आबांनी चंदनबालेकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती.

"किती दीस झालं ह्ये?"

"नळ आल्यापासनं," ती हळूच म्हणाली.

"मग मला कुनी कसं सांगितलं न्हाई?" आबा भडकले.

"आवं आबा," हरणाबाई म्हणाली, "म्हैनाभर रोज भिताडावर टांगलंय की. तुमी तुमचीच चार बुचं मोजत हुतासा."

आबांनी बोर्डाकडे बघितलं. स्वतःची चार बुचं बघितली, मग वरचा रिकामा खिळा बघितला. मग काठी आपटून ओरडले, जणू चूक बिराप्पाचीच होती, "बिराप्पा! उद्यापास्नं माळगल्ली पयली. पालखी तिच्या वाटनं जाईल, पानी त्येच्या वाटनं!"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता जवाहर बोर्डापुढे उभा होता. बिराप्पानं चावी फिरवली आणि दोनच मिनिटांत माळगल्लीचा दिवा लागला. जवाहरचा विश्वास बसेना. कालचा अनुभव ताजा होता, त्यामुळे तो पुन्हा पळत चढ चढला. वर नळ असा फुसांडत होता की बायका भिजून चिंब, घागरी पुरेनात, कुणीतरी परात लावलेली, कुणी पातेलं. चंदनबालेच्या डोक्यावर एक, कमरेवर एक. आणि बटणावर अंगठा दाबून स्वतः हंबीरराव उभे होते.

"तपासायला आलोय," ते जवाहरवर खेकसले. "हितं हात कुनाचा रिकामा न्हाई. म्हटलं, दिवा कोन लावनार?"

त्या दिवशी बिराप्पानं माळगल्लीच्या खिळ्याला पहिलं बूच अडकवलं, दुसरं अडकवलं आणि तिसरंही.

पाचला चंदनबालेनं ताटं वाढली. दोघं समोरासमोर बसून जेवली. तिनं दीड भाकरी खाल्ली, आमटी मागून घेतली, ताट धुतलं, चूल सारवली, म्हशीला पाणी दाखवलं. सगळं आवरून ती उंबऱ्यावर येऊन बसली तरी अंगणात ऊन होतं. तिनं उन्हाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"आवं, पोट भरलं, आनि दीस अजून हायच की," ती म्हणाली. "आता काय करायचं वो?"

अकरा वर्षं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार ठेवणारा जवाहर मगदूम तिच्याशेजारी बसला. दिवस बुडेपर्यंत दोघंही तिथून उठली नाहीत.