सिक्लिडला सोबत

आमच्या घरातली सगळी पत्रकं एकाच वाक्यावर संपायची: एकत्र या! बाबा सौंसरला शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, विहिरीवरच्या भेदाविरुद्ध. मी वाचायला त्याच कागदांवर शिकले. घड्या घालायचं काम माझं होतं. नखाने दाबून घडी अशी घालायची की मथळा वर दिसला पाहिजे. शेवटचं वाक्य नेहमी घडीच्या आत जायचं.

बाबा गेले. आई सौंसरलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. मी नोकरीमुळे पांढुर्ण्याला. शाळेत दिवसभर पोरांचा गलका, आणि घरी येऊन कुलूप काढलं की सकाळी कप जिथे ठेवला तिथेच कप. असं बरेच दिवस पाहिल्यावर वाटलं, या घरात आपल्याशिवाय हलणारं काहीतरी पाहिजे. म्हणून तीन फुटांची काचेची टाकी आणली.

त्यात सिक्लिड जातीचे मासे ठेवायचे ठरवले ते आमच्या बोअरच्या पाण्यामुळे. त्यात डाळ शिजत नाही, पण असं जड पाणी काही सिक्लिडना मानवतं, असं फोनवरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर कळलं. त्याच ग्रुपवर कोणीतरी एक तक्ता टाकला. आडवी माशांची नावं, उभी माशांची नावं, आणि कोण कोणाबरोबर राहील त्याचे रंग. हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे मुळीच नाही. माझं डोकं फिरलं. हा तक्ता मी जन्मापासून ओळखते. आमच्याकडे तो कागदावर नसतो एवढंच. कोण कोणाच्या ओट्यावर बसेल, कोण कोणाच्या घरचं पाणी पिईल, कोणाची मुलगी कुठे दिली जाईल, सगळे रंग लोकांना पाठ असतात. मी ग्रुपवर लांबलचक निषेध लिहिला. एकाने उत्तर दिलं, "ताई, मासे वाचत नाहीत."

मासा मी नावावरून निवडला. नागपूरच्या दुकानात एका टाकीत काळ्या पट्ट्यांचा एकच मासा उरला होता. त्याला कॉन्व्हिक्ट म्हणतात, म्हणजे शिक्षा झालेला कैदी. गुन्हा न सांगता ज्याला जन्मतःच कैद्याचे कपडे चढवले, त्याला तिथे सोडून मी कशी येणार? पाण्याची पिशवी मांडीवर धरून गाडीत बसले. नरखेड गेल्यावर समोरच्या बाईने विचारलं, "खायाचा हाय का?"

"नाही."

"मंग काऊन आणला?"

पांढुर्णा येईपर्यंत मी पिशवीतल्या पट्ट्या मोजत बसले.

कैद्याने एका फुटक्या कुंडीत घर केलं. तोंडाने एकेक खडा उचलून दूर टाकायचा, अंगण झाडल्यासारखा. मी जेवायला टाकीसमोर बसायची. काही दिवसांनी वाटू लागलं, हा एकटा आहे. खरं तर तो मजेत होता. पण एकटं कोणी राहू नये, हे मला लहानपणापासून छापून मिळालेलं.

म्हणून फायरमाउथ आणला. हाही सिक्लिडच. तक्त्यात या जोडीला पिवळा रंग होता, आणि पिवळ्याला मी घाबरणार नव्हते. त्याच्या गळ्याखाली लाल जाळ. राग आला की गळा फुगवतो, वाटतं आता काहीतरी होणार. होत काही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तो वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून होता, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. त्याला बादलीत काढलं. रोज थोडं पाणी बदलायची, शेपटी भरून येत होती. पण बादली म्हणजे काही घर नव्हे.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, दोन्ही खोल्या सोडायच्या होत्या.

"लोधीखेड्याले माहा भाऊ या म्हणून राहिला," आई म्हणाली.

"मंग माझ्याकडे काऊन नाही?"

"तुह्याकडं येऊन पाह्यलं ना उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात ती कायमची राहायला म्हणून आली होती आणि चौथ्या दिवशी परत गेली होती. का गेली, ते मी विचारलं होतं, तिने सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"मी तेलाचा डबा खिडकीत ठेवला का तू खाली ठेवे. मिठाची बरणी इकडं ठेवली का तू तिकडं."

"मी बोलली का तुले काही?"

"बोलली नाईस. बोलली असती त भांडली असती मी."

फोन ठेवून मी बादलीतलं पाणी बदललं. मग ग्रुपवर विचारलं, आता काय करू. 'मासे वाचत नाहीत' म्हणणाऱ्यानेच उत्तर दिलं. कुठला, कोण, मला माहीत नाही. त्याच्या चेहऱ्याच्या जागी माशाचा फोटो आहे. त्याने लिहिलं, "दोघांनाही बाहेर काढा. सगळे दगड, कुंडी, सगळं काढून नवीन मांडा. मग दोघांना एकदम सोडा. जुन्याला त्याचं घर सापडता कामा नये."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीच्या जाम नदीतून रविवारी सकाळी पिशवीभर दगड आणले. जिन्यात खालच्या काकू भेटल्या.

"काऊन वो मॅडम, गोटमार त होऊन गेली. आता कोनाले मारता?"

"मासे भांडून राहिले, काकू."

"मंग दगडं त्याइच्या हाती देता का?"

दुपारी सौंसरच्या बसने आई आली, जास्तीची भांडी माझ्याकडे ठेवायला. आल्या आल्या पदर खोचून दगड धुवायला बसली. मी टाकी रिकामी केली, कुंडी काढली, वाळू सपाट केली, दगड नव्याने रचले. मग दोन्ही मासे एकदम सोडले.

कैदी सरळ जुन्या कोपऱ्यात गेला. जिथे कुंडी होती तिथे नुसत्या वाळूवर थांबला. पुढे गेला, परत आला, परत थांबला. आई काचेला नाक लावून पाहत होती.

"आता घर कोणाचं?"

"कोणाचंच नाही."

"त्याले समजून राहिलं का?"

"समजून राहिलं."

बसच्या वेळेपर्यंत कैदी डावीकडच्या दगडाआड गेला होता, फायरमाउथ उजवीकडे. एकदा कैदी धावून गेला. फायरमाउथने गळा फुगवला. कैदी मध्येच वळला.

"फुगवून राहिला पाह्य," आई म्हणाली, "तुह्यावानी."

स्टँडवर मी विचारलं, येतेस का. बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "पाहू." आमच्याकडे पाहू म्हणजे बहुतेक नाही.

घरी आले. दिवा लावला, टाकीत पाहिलं. दोघं आपापल्या दगडाआड. बाबांनी जन्मभर लोकांना एकत्र या म्हणून सांगितलं. पण आधीपासून तिथे बसलेल्याने काय उचलायचं, हे त्यांच्या एकाही पत्रकात नव्हतं. माझ्या त्या लांबलचक निषेधातही नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि रॅक रिकामा करायला लागले. तेल, चहा, डाळी, हळद, पोह्यांचा डबा, आईने आज आणलेली भांडी, सगळं फरशीवर. मग आईला फोन लावला. ती नुकतीच पोचली होती.

"आई, मी सगळे डबे खाली काढले."

"काऊन? झुरळं झाली का?"

"नाही. तू येशील तवा दोघी मिळून लावू."

तिच्याकडे कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, मग थांबला.

"मीठ तरी हाताशी ठेव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मीठ मी ओट्यावर ठेवलं आहे. बाकीचे डबे अजून खालीच आहेत. सकाळी चहा करताना मी त्यांच्यामधून पाय टाकत जाते.