बक्षिसांचा अंदाज लिहिणं मी सोडलं त्याची गोष्ट

नाटकातलं मला फार कळत होतं असं नाही. पण लागोपाठ दोन वर्षं माझे अंदाज खरे ठरले आणि लोकांना वाटायला लागलं, याला कळतं. मग मलाही तसंच वाटायला लागलं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो आणि बदलापूरला मांजर्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. त्या वेळी आमच्या पट्ट्यात हौशी नाटकांचं वेड होतं. कारखान्यांत, बँकांत, शाळांत नाटकमंडळी असायची आणि दर डिसेंबरात कल्याणला होणाऱ्या स्पर्धेत उतरायची. जानेवारीत निकाल लागला की महिना-दीड महिना भांडणं, आणि मार्च उजाडला की पुढच्या वर्षीची संहिता शोधायची धावपळ.

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका छापखान्यात आमच्या भागाचं एक साप्ताहिक छापलं जायचं. छापखाना एका सिंधी गृहस्थांचा. लग्नपत्रिका आणि बिलबुकं यांच्या मधल्या वेळात ते आमचे चार कागद काढून द्यायचे. संपादक म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांनीच मला सुचवलं, "निकालावर सगळेच लिहितात रे. तू पुढच्या वर्षीची बक्षिसं आत्ताच सांग. लोक वर्षभर अंक जपून ठेवतील." म्हणून मी एप्रिलभर मंडळांच्या तालमींत डोकावायचो, कोण काय करतंय ते विचारायचो आणि मे महिन्यात पानभर अंदाज लिहायचो: दिग्दर्शन अमक्याला, नेपथ्य तमक्याला, अभिनयाचं पहिलं ह्याला.

आमच्याच कारखान्यात एक ऑपरेटर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, बदलापूरच्या पुढच्या एका गावातले आगरी. अंगाने रुंद, आवाज खणखणीत. ते अंबरनाथच्या एका मंडळात काम करायचे. आदल्या स्पर्धेत त्यांनी वकिलाची भूमिका केली होती. मी लिहिलं होतं, "नट ताकदीचा आहे, पण 'ण' आणि 'ळ' हे दोन वर्ण त्याच्या जिभेला परके आहेत. उच्चार सुधारले तर ह्याला अडवणारा कुणी नाही." लिहिताना मला ते वाक्य फार आवडलं होतं.

त्या मार्चमध्ये प्लांटवर एक व्हॉल्व्ह गळला आणि त्यांच्या उजव्या हातावर अ‍ॅसिड उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. डॉक्टरांनी दीड महिना रजा लिहून दिली. तो व्हॉल्व्ह गळतोय हे त्यांनी शिफ्टच्या वहीत आधी दोनदा लिहिलं होतं. मला हे ठाऊक होतं, कारण सॅम्पल घ्यायला मी त्याच जागी जायचो आणि तिथे पाय जपून टाकायचो.

एप्रिलअखेरीला, सकाळची शिफ्ट संपवून मी त्यांच्या मंडळाची तालीम व्हायची त्या शाळेत गेलो. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मंडळाचे सेक्रेटरी तिथेच शिक्षक होते, ते भेटतील म्हणून गेलो, पण ते नव्हते. शिपाई म्हणाला, "सर संध्याकाळी येतात. आत्ता फक्त तुमच्या कारखान्यातले ते एकटे आहेत." वरच्या मजल्यावरून आवाज येत होता.

मी जिना चढून दारापाशी थांबलो. बाकं भिंतीला लावून ठेवली होती. मधोमध एक रिकामी खुर्ची, आणि तिच्यासमोर ते उभे होते. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला. त्या वर्षीच्या नाटकात ते एका खेड्यातल्या पोस्टमनची भूमिका करत होते. मुलगा गेल्याचं पत्र हा माणूस वर्षभर बायकोपासून लपवून ठेवतो आणि शेवटच्या अंकात तिला सांगतो. ते खुर्चीला सांगत होते, "आपला बाळ गेला. आणि मी त्या दिवशी घरी येऊन पाणी प्यालो, जेवलो." 'बाळ' म्हणताना जीभ वळवून, थांबून. मग पुन्हा. मग फक्त 'बाळ, बाळ, बाळ.' मग 'पाणी.' एखादं पोर पाढा घोकतं तसं.

मी दिसल्यावर ते ओशाळले.

"सायेब, तुमीच लिवलेला ना उच्चारांचा," ते म्हणाले. "रजेवर हाय तं दुपारी येतो. हात चालत नाय, तोंड तं चालतंय."

आम्ही हसलो. मी त्यांना तो उतारा पुन्हा म्हणायला सांगितला. त्यांनी म्हटला. एक 'ण' चुकला, बाकी सगळं स्वच्छ. शेवटी खुर्चीच्या पाठीवर त्यांनी डावा हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे मी आजही सांगेन.

मे महिन्यातल्या एका अंकात मी लिहिलं, "हाताला पट्टी बांधलेली असतानाही हा नट रोज दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात एकटा उभा राहून तालीम करतो. हात थांबला आहे, तोंड थांबलेलं नाही. पुढच्या वर्षीचं अभिनयाचं पहिलं बक्षीस ह्याचंच."

अंक निघाल्यावर ते मला गेटवर भेटले. रजा संपून दोनच दिवस झाले होते. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. "बायकोला वाचून दाखवला," म्हणाले. "तिनं दोनदा वाचायला लावला."

आठवड्यानंतर त्यांना आरोपपत्र मिळालं. आजारपणाच्या रजेत अन्य कामात गुंतल्याबद्दल आणि दुखापत वाढवून सांगितल्याबद्दल. आरोपपत्राला माझ्या लेखाचं कात्रण जोडलेलं होतं.

मला पर्सोनेल मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. कात्रणातली माझी दोन वाक्यं लाल पेनाने अधोरेखित केलेली होती.

"छान लिहिता," ते म्हणाले. "चौकशीत एवढंच सांगायचं, की हे तुम्ही लिहिलं आणि तुम्ही डोळ्यांनी बघितलं. बस. पाच मिनिटांचं काम आहे."

"पण त्यांचा हात खरंच भाजला होता," मी म्हणालो. "तोंडाने संवाद म्हणणं आणि प्लांटवर काम करणं..."

"ते ठरवायला चौकशी अधिकारी आहेत. तुम्ही ऑफिसर ग्रेडचे आहात, हे लक्षात असू द्या."

मग बाहेर विचारल्यावर मला सगळं कळलं. ऑपरेटर व्हॉल्व्हबद्दल युनियनकडे गेले होते. अपघाताची नोंद 'कामगाराचा निष्काळजीपणा' अशी करायला त्यांनी सही दिली नव्हती. कंपनीला त्यांच्या नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. कंपनीला एक कागद हवा होता आणि तो मी छापून दिला होता.

मी उल्हासनगरला संपादकांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू सांग, ऐकीव माहितीवर लिहिलं," ते म्हणाले. "मी पुढच्या अंकात खुलासा टाकतो. लेखकाने स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून. तुझं नाव जाईल थोडं, पण त्या माणसाची नोकरी राहील."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा मोठेपणाही वाटला. आपण कुणासाठी तरी आपली पत सोडतोय, असा. ऑपरेटरना मी आधी भेटून हे सांगायला हवं होतं. पण साक्षीदाराने आरोपीला भेटू नये असं मॅनेजरने बजावलं होतं, आणि मी ते ऐकलं.

चौकशी कँटीनच्या वरच्या खोलीत झाली. अधिकारी म्हणून बाहेरून एक वकील आणले होते. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला ऑपरेटर आणि युनियनचा एक माणूस. ऑपरेटरांच्या हाताची पट्टी आता सुटली होती. कातडी गुलाबी, ताणलेली दिसत होती.

वकिलांनी कात्रण माझ्यापुढे ठेवलं. "हा मजकूर तुमचा?"

"हो."

"यात लिहिलेलं तुम्ही स्वतः पाहिलं?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकलं होतं. लेख रंगवायला तसं लिहिलं. प्रत्यक्षात मी त्या शाळेत गेलो नव्हतो."

मॅनेजरने माझ्याकडे अशी नजर टाकली, की पुढच्या तीन बढत्या मला तिथेच दिसेनाशा झाल्या. युनियनचा माणूस खाली मान घालून लिहून घेत होता. आणि ऑपरेटर उभे राहिले.

"हे खरं नाही," ते म्हणाले.

युनियनवाल्याने त्यांचा शर्ट ओढला. ते बसले नाहीत.

"साहेब तिथे आले होते. मी त्यांना पूर्ण उतारा म्हणून दाखवला. मी रोज दुपारी त्या वर्गात उभा राहायचो. त्यांनी लिहिलंय त्यातलं अक्षरही खोटं नाही. माझ्या हाताला काम होत नव्हतं म्हणून मी हाताचं काम केलं नाही. तोंडाने होत होतं ते केलं. यात माझा गुन्हा असेल तर लिहा."

इतकी स्वच्छ मराठी मी त्यांच्या तोंडून नाटकाबाहेर कधी ऐकली नव्हती. वकिलांनी सगळं शब्दशः लिहून घेतलं आणि सही मागितली. त्यांनी भाजलेल्या हाताने, सावकाश, सही केली.

व्हॉल्व्हबद्दल कुणी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खोटं बोलायचं धाडस मी केलं होतं, त्यापुढचं खरं बोलायचं झालं नाही. त्या खोलीतली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

त्यांना एक महिना निलंबित केलं, आणि परत घेतलं ते गोदामात. प्लांटवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला पिंपं मोजायला बसवलं. अपघाताची फाईल निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह बंद झाली.

निलंबनाच्या काळात एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. नदीच्या अलीकडे भाताची खाचरं, त्यांच्या कडेला घर. त्यांच्या बायकोने ओटीवर चटई टाकली, पाणी दिलं, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. ते अंगणात दोरी वळत बसले होते, हाताला व्यायाम म्हणून.

"मी तुमच्यासाठीच तसं बोललो," मी म्हणालो. "तुम्ही गप्प राहिला असतात तर सुटला असतात."

त्यांनी दोरीचा पीळ घट्ट केला.

"तुमी बोललात, नुसता आयकलेला लिवला," ते म्हणाले. "म्हंजे मी तिथं नव्हतोच, असा झाला. मंग म्हैनाभर त्या वर्गात उभा होता तो कोन? सायेब, मी अठरा वरसं नाटकात काम करतो. माझ्यावर कोनी चार वली चांगल्या लिवल्या, त्या पयल्यांदा. त्या पन खोट्या ठरवायच्या?"

मी माफी मागितली. ती त्यांनी नाकारली नाही, पण घेतली असंही म्हणवत नाही. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, "यांनीच लिवलेला तो." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "लिवला नसता तं बरा झाला असता," ती म्हणाली आणि कप खाली ठेवला.

त्यांनी नाटक सोडलं नाही. डिसेंबरात त्यांचा प्रयोग मी पाचव्या रांगेत बसून पाहिला. शब्दन् शब्द घासूनपुसून ठेवल्यासारखा येत होता. शेवटच्या अंकात थिएटर शांत झालं, पण एप्रिलमध्ये त्या रिकाम्या खुर्चीपुढे जे झालं होतं ते झालं नाही. मला वाटलं, आपलं मन साफ नाही म्हणून असं वाटत असेल.

जानेवारीत निकाल लागला. अभिनयाचं पहिलं बक्षीस एका बँकेच्या मंडळातल्या बाईंना मिळालं. माझ्या यादीत त्या कुठेच नव्हत्या. आमच्या ऑपरेटरना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. परीक्षकांनी स्टेजवरून प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं सांगितली. ह्यांच्याबद्दल म्हणाले, "उच्चार निर्दोष. पण हा पोस्टमन खेड्यातला वाटला नाही. नटाने ग्रामीण माणसं जवळून पाहायला हवीत."

काही लोक माना डोलवत होते. मी खाली बघत बसलो. खेड्यातला एकमेव माणूस त्या स्टेजवर होता आणि त्याच्यातलं खेडं खरवडून काढायला मीच सांगितलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर ते बायकोसोबत उभे होते. प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत. मला बघून त्यांनी हाक मारली.

"आयकलात ना सायेब? उच्चार निर्दोष बोलले." मग बायकोकडे वळून, "निर्दोष म्हंजे एक पन चूक नाय."

पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं, की ऐकून बाजूला ठेवलं होतं, मला आजवर कळलेलं नाही. मी म्हणालो, "हो, एकही चूक नाही." बायकोने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि ते दोघे स्टेशनच्या दिशेने गेले.

त्या एप्रिलला संपादकांचा निरोप आला, तालमींच्या फेऱ्या सुरू कर म्हणून. मी जाऊन नाही म्हणून सांगितलं. ते रागावले, मग समजावायला लागले, मग म्हणाले, "एका चुकीपायी?" मी म्हटलं, एक नव्हती. त्यांनी त्या वर्षी स्वतःच अंदाज लिहिले. जवळजवळ सगळे चुकले, पण लोकांनी वाचले.

ऑपरेटर पुढे स्पर्धेत दिसले नाहीत. मंडळात नवी मुलं आली, गोदामाची पाळी बदलती असल्यामुळे तालमी जमेनात, असं सेक्रेटरींकडून कळलं. नव्वदीच्या मध्यावर कारखाना बंद पडला. मला दुसरीकडे नोकरी मिळाली, ते शेतीकडे वळले. त्यानंतर एकदाच बदलापूरच्या बाजारात भेट झाली. ते भाजीची पाटी उतरवत होते. त्यांनी मला ओळखलं, समोरच्या टपरीवर नेलं, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. पावसाचं, मुलीच्या लग्नाचं, गुडघ्याचं बोललो. नाटकाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला तो काढायचा हक्क होता असं वाटलं नाही.