पिसासाठी काळं केलेलं पाणी

पांढरा रंग ग्वाल्हेरात आजवर एकाच माणसाने पाहिला आहे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाकी आपण सगळे पांढरं म्हणून जे बघतो, ते त्यांच्या मते नुसतं उजेडाने पडलेलं भोक. आत्तोबा बँकेतून निवृत्त झाले, त्यांनी कॅमेरा घेतला, आणि उरलेलं आयुष्य एकाच कामाला वाहून टाकलं: पाण्यात उभ्या बगळ्याचा असा फोटो काढायचा की त्याचं पीस न् पीस दिसावं. त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. काढून बघा. बगळ्याच्या जागी खडूचा ठिपका येईल. "कॅमेरा बावळट असतो, बेटा," ते सांगतात. "गडद पाणी दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो. पाणी मस्त दिसतं आणि बगळा जळून जातो. म्हणून त्याला दटावायचं, उजेड कमी कर. पाणी काळं पडलं तर पडू दे, पीस वाचव."

हे दटावणं त्यांनी कॅमेऱ्यापुरतं ठेवलं असतं तर आत्या सुखी झाली असती. सराफ्यातल्या एका लग्नात भर दुपारच्या उन्हात नवरदेव पांढरी शेरवानी घालून घोडीवर बसला होता. आत्तोबा बँडवाल्यांना ढकलून पुढे गेले, त्याच्या डोक्यावर आपली काळी छत्री उघडून धरली आणि ओरडले, "अरे, जळतोयस तू!" नवरदेव घाबरून घोडीवरून उतरायलाच लागला. घरी गच्चीवर तालीम चालायची ती निराळीच. परातीत पाणी, ते गडद करायला त्यात चहाचा चोथा, मधोमध आत्याने फुलवातींसाठी आणलेल्या कापसाचा बगळा, आणि बगळ्याला दालचिनीची चोच. "अहो, देवाचा कापूस आहे तो!" आत्या जिन्यातून ओरडायची. "मग देवाचाच पक्षी केलाय," आत्तोबा परातीपुढे पालथे पडून उत्तर द्यायचे. तळ्यावर जाताना ते भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा स्वेटर आणि त्याच रंगाची माकडटोपी घालत. मी एकदा पांढऱ्या खादीच्या कुर्त्यात गेले, तर मला कपडे बदलायला घरी परत पाठवलं. पक्ष्यांना स्पर्धा चालत नाही म्हणे.

मी पत्रकं लिहिते. फूलबागेत धरण्याला बसते, नया बाजारात दुकानादुकानांत पत्रकं वाटते आणि दुकानदारांच्या शिव्या खाते. माझं एक पत्रक आत्तोबांनी चष्मा वर करून वाचलं. त्यात 'गिळंकृत' होतं, 'नरडीचा घोट' होता, 'जनतेचा आक्रोश' तर दोनदा होता. कागद परत देत ते म्हणाले, "सगळंच फार उजळलंय, बेटा. ह्यात बगळा कुठाय?" मी चिडले. अजूनही चिडलेलीच आहे. तळं गिळणाऱ्याला गिळणाराच म्हणायचं असतं. तिथे आवाज कमी करून चालत नाही.

कारण आमच्या वस्तीमागे एक तळं होतं. 'होतं' हा शब्द मी दात ओठ खाऊन लिहिते आहे. ते बुजवून तिथे प्लॉट पाडायचे होते, आणि बुजवणाऱ्यांचं म्हणणं असं की हे तळं नाहीच, हा नाला आहे, आणि इथे एकही पक्षी येत नाही. सरकारी कचेरीत सुनावणी लागली. आमच्या गटातल्या मुलांनी मोबाइलवर काढलेले बगळ्यांचे फोटो मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते एकेक उचलून डोळ्यांजवळ नेले आणि विचारलं, "मैडम, ये पक्षी है कि पॉलिथीन?" सगळा हॉल हसला. आणि खरं सांगायचं तर फोटोत पिशव्याच दिसत होत्या. पाणी स्वच्छ, काठावरचं गवत स्वच्छ, आणि मध्ये पांढरे फटफटीत गोळे.

मी तडक आत्याकडे गेले. "आत्तोबा, अब आप ही कुछ करो. पुढच्या सुनावणीला बगळा बगळा दिसायला पाहिजे." ते इतके खूश झाले की आत्याने चहात साखर घातली नव्हती हेही त्यांना कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा बगळा कुणालातरी हवा होता. पण घाई हा शब्द त्यांना ठाऊक नाही. एक दिवस धुकं जास्त, एक दिवस धुकं नाहीच, एक दिवस ऊन चांगलं पण बगळा पाठमोरा. मी काठावर उभी राहून धुसफुसायची, "अरे यार आत्तोबा, वो लोग परसों तालाब भर देंगे!" ते डोळा न हलवता म्हणायचे, "बगळ्याला सांग."

आणि मग तो फोटो निघाला. धुक्यातून नुकतंच कोवळं ऊन उतरलेलं, मखमलीसारखं काळं पाणी, आणि त्यावर बगळा. मानेवरची बारीक लव दिसत होती. पाठीवरची पिसं एकमेकांवर कशी निजली आहेत ते दिसत होतं. पंखाखालच्या सावलीत किंचित निळं होतं, आणि ते निळंही पांढरंच होतं. मी तो त्याच दिवशी मोठा करून घ्यायला टाकला.

सुनावणीला आत्तोबा टाय लावून आले. साहेबांनी मोठा केलेला फोटो हातात धरला. "वाह! फ़ोटो तो ग़ज़ब है।" आत्तोबांची मान ताठ झाली. "पर पानी देखिए, कितना काला है। मैडम, आप ख़ुद सबूत लाई हैं। नाला ही तो है।"

मी उठायच्या आत आत्तोबा उठले. "नहीं साहब, पानी काला नहीं है। पानी मैंने काला किया है।"

"आपने?"

"पंख बचाने के लिए, साहब।"

त्या दिवशी हॉल जेवढा हसला तेवढा कुठल्याही तमाशाला हसला नसेल. आत्तोबा उभेच होते. ते हात हलवत उजेड समजावून सांगत होते, कॅमेरा कसा फसतो ते सांगत होते, आणि साहेब पुढची फाइल उघडत होते. मी ओरडले. मला बाहेर काढलं.

तळं गेलं. मी आत्तोबांना हजारदा सांगितलं की निर्णय आधीच झाला होता. बगळा उजळ असता तर पिशवी, पाणी काळं तर नाला, फोटोच नसता तर पुरावा नाही. ते ऐकून घेतात आणि शेवटी एवढंच म्हणतात, "मी पाणी वाचवायला हवं होतं गं. पीस जळालं असतं तर जळालं असतं." पिसासाठी नवरदेवाला घोडीवरून उतरवणारा माणूस हे बोलतो. ज्यांनी तळं गिळलं ते रात्री छान झोपतात. ह्यांना झोप लागत नाही.

परवा ते स्वतःहून म्हणाले, चल. तळ्याच्या जागी मुरूम पसरला होता, आणि बगळे आले होते. जेसीबीच्या मागे मागे फिरत उकरलेल्या मातीतले किडे टिपत होते. आत्तोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "जमीनच उजळ झाली. आता कॅमेरा आपणच उजेड कमी करतो, त्याला काही सांगावं लागत नाही. कुणीही काढेल."

एका कडेला ट्रकच्या चाकाने पडलेल्या खड्ड्यात वीतभर पाणी साचलं होतं. त्यात एक बगळा पाय बुडवून, मान आखडून, अगदी स्थिर उभा होता. आत्तोबा तिथेच चिखलात पालथे पडले, कोपरं रोवली, आणि बराच वेळ तसेच राहिले. खटका काही वाजला नाही.

"काढा ना," मी हळूच म्हटलं.

"आवाजाने उडेल," ते म्हणाले. "त्याला वाटतंय, आहे अजून. राहू दे उभा."