एकतिसाव्या पानाचा फूटर

बाईंबद्दल मला फार काही माहीत आहे, असं म्हणवत नाही. आमच्या बसदुरुस्तीच्या कारखान्यात त्या अकरा वर्षं टायपिंग करत होत्या. पण त्यांचं घर कुठे, मुलं किती, हे मी कधी विचारलं नाही. कुणाला काही विचारायचं म्हणजे मला घाम फुटतो. एवढं ठाऊक आहे की कामाला बसण्याआधी त्या कीबोर्डवर फुंकर मारायच्या आणि शेंगदाणे मान वळवून खायच्या.

कारखान्याने दुरुस्तीचं पुस्तक काढायचं ठरवलं. बाई वही घेऊन एकेका मिस्त्रीजवळ स्टुलावर बसल्या आणि ज्याची त्याची युक्ती उतरवून घेतली. बेचाळीस युक्त्या, बेचाळीस पानं. पानाच्या तळाशी, फूटरमध्ये, सांगणाऱ्याचं नाव घालायचं हे त्यांनीच ठरवलं. ब्रेकवाले मामा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. आपलं नाव पुस्तकात येणार, हे त्यांनी नातवंडांना सांगूनही टाकलं होतं.

छापायला द्यायच्या दिवशी सकाळी बाईंनी नमुना काढला, तर सगळ्या पानांखाली एकच नाव: पेंटरचं. शेवटचं पान त्याचं होतं. ज्याने आयुष्यात ब्रशखेरीज काही हातात धरलं नव्हतं, तो गिअरबॉक्सपासून ब्रेकपर्यंत सगळ्यातला जाणकार झाला. लोक त्याला गुरुजी म्हणू लागले आणि तोही हात वर करून आशीर्वाद देत सुटला. मामा मात्र हसले नाहीत. आपलं पान त्यांनी गुपचूप बाईंच्या टेबलावर ठेवलं.

साहेब म्हणाले, बारापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सगळीकडे नुसतं कारखान्याचं नाव टाका.

यादी वाचून दाखवायला बाईंनी मला बोलावलं. बाकी सगळ्यांचे हात ग्रीसने भरलेले होते. तोवर त्यांना चूक सापडली होती. प्रत्येक पानाचा वेगळा सेक्शन, म्हणजे भाग, त्यांनी पाडला होता, पण फूटर आधीच्या फूटरला जोडलेलाच राहिला होता. एक बदलला की सगळे बदलायचे. आता आधी जोड तोडायची, मग नाव टाकायचं. मी नाव वाचायचो, त्या "तोडली" म्हणायच्या आणि टाइप करायच्या. मामांचं नाव त्यांनी दोनदा तपासलं.

एकतिसावं पान माझं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, आणि खडखड कुठून येते ते ऐकायचं, एवढंच. मी ते गाळून पुढचं नाव वाचलं.

"काका, एकतीस?"

"कोरं राहू द्या. त्यात काय मोठंसं."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. मी पाहिलं नाही.

बाराला दहा कमी असताना पानं साहेबांकडे गेली. पुस्तक छापून आलं तेव्हा मामा आपलं पान उघडून कारखानाभर हिंडले, कँटीनवाल्यालाही सोडलं नाही. माझ्या पानाखाली छापलं होतं: 'सांगणारे नाव नको म्हणाले.' तेव्हापासून सगळे मला 'नावनको' म्हणतात. खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांनी बाईंची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती लावून ठेवत होत्या. मी दारातून जात होतो.

"काका, आता तरी नाव घालू?"

मी बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिलो.

"घाला. पण बारीक अक्षरात."

"फूटर बारीकच असतो, काका."