पत्र्यावरची गुरं

कुशाबा पोलादपूरला हायवेलगत ट्रक रंगवतो. नंबर, मालकाचं नाव, मागच्या फळीवर कमळ नाहीतर पोपट. हात असा बसलेला की पट्टी न लावता सरळ रेघ ओढतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपासून तो एका जागी टिकत नाही. काम चालू असताना चार वेळा रस्त्यावर येतो, डोंगराकडे बघतो आणि पुन्हा आत जातो.

त्या डोंगरावर उंबरटेप नावाची वाडी होती. त्याची बहीण मैना तिथे दिलेली. वाडीच्या वरच्या अंगाला जमीन भेगाळलीय, असं तिने फोनवर सांगितलं होतं. हातातला ट्रक पुरा करतो आणि परवा टेम्पो घेऊन येतो, असं कुशाबा म्हणाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी दरड आली. मैना गेली, तिचा नवरा गेला, गोठ्यांसकट अर्धी वाडी गेली. मैनाची नऊ वर्षांची सेजल तेवढी वाचली, कारण ती आजीबरोबर, धोंडूबाईबरोबर, खाली दवाखान्यात आली होती.

उरलेल्यांना रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. कुशाबा भाचीला घरी न्यायला गेला, पण ती आजीला सोडेना. आभाळ भरलं की तिथली सगळी पोरं चपला घालून दारात उभी राहायची, गप्प. ते बघून त्याला काही सुचेना. एका रविवारी तो रंगाचे डबे घेऊन गेला आणि खोल्यांच्या मागच्या लांब पत्र्यावर पोपट काढू लागला. पोरं नुसती बघत राहिली.

तिसऱ्या रविवारी सोनाली नावाच्या चिमुरडीने त्याला म्हैस येते का विचारलं. त्यांची चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. त्याने काढली. डावं शिंग मोडकं होतं, असं म्हणत तिने ब्रश ओढून घेतला.

मग पोरांनी ब्रश सोडलेच नाहीत. कुणाची काबरी शेळी, कुणाचा एका डोळ्याचा बैल. मोठी माणसं चुका काढायला येऊ लागली. कित्येक महिने तोंड न उघडलेली धोंडूबाईसुद्धा उठून एका गाईच्या चित्रापाशी आली. "घंटा नव्हती गो हिच्या गळ्यात," ती म्हणाली. "लोढणं होतं. लय पळायची." आणि रंगात बोट बुडवून तिने ते लाकूड स्वतःच रेखलं. गेलेल्या माणसांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. आता गुरांच्या निमित्ताने त्यांची नावं निघू लागली, हिची धार कोण काढायचं, त्याला रानात कोण न्यायचं.

सेजल मात्र फक्त ब्रश धुऊन द्यायची. एका रविवारी तिने विचारलं, "मामा, आईला काढू?"

कुशाबाने धोंडूबाईकडे बघितलं.

"काढ," म्हातारी म्हणाली. "पण डोकीवर भारा दे. रिकाम्या हाताने कधी आली नाय ती."

सेजलने लुगडं काढलं, पाय काढले, गवताचा मोठा भारा काढला. चेहऱ्यासाठी ब्रश मामाकडे दिला. तीस वर्षं ज्याचा हात अडला नव्हता, त्याला बहिणीचं तोंड जमेना. दोनदा काढलं, दोनदा फडक्याने पुसलं. मग कुणालाच न सांगितलेलं त्याच्या तोंडून निघालं, "मी त्याच दिवशी यायला पायजे होतं."

"आईने माझ्यासमोरच केला होता फोन," सेजल म्हणाली. तिने ब्रश परत मागितला. "राहू दे तोंड. भाऱ्याखाली दिसायचंच नाय."

आता पत्रा भरत आलाय, गुरांशेजारी गेलेली माणसंही उभी राहिलीत. मुंबईला कामाला असलेला सोनालीचा बाप पहिल्यांदा ते बघून चिडून निघून गेला होता. गणपतीत आला तेव्हा त्याने दरडीत गेलेल्या बायकोच्या चित्रात तिच्या हातात एक कोयती काढून दिली. उन्हाने पापुद्रे सुटतात, मग कुणी ना कुणी ते पुन्हा रंगवतं.

नवी घरं झाली की हे पत्रे सरकारकडे परत जाणार आहेत. ते कुठे जातात हे विचारायला कुशाबा दोनदा महाडला कचेरीत जाऊन आला. अर्ज द्या, म्हणाले. अर्जात नेमकं काय मागायचं, हे त्याला अजून लिहिता आलेलं नाही.